तिसऱ्या नंबरची गोलकीपर

"आपण जिंकलो का गं?" मुमताजनं मला तिसऱ्यांदा विचारलं.

बस मैदानातून निघून दहा मिनिटंही झाली नव्हती. मी खिडकीकडे होते, ती शेजारी. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाटलं, चेष्टा करतेय. दुसऱ्यांदा वाटलं, बसच्या आवाजात माझं उत्तर ऐकू गेलं नसेल. तिसऱ्यांदा मात्र मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"बरोबरी. शून्य-शून्य," मी म्हणाले. "शेवटचा गोल तूच अडवलास की."

"व्हय व्हय. माहीत हाय मला," ती म्हणाली आणि पुढच्या सीटला कपाळ टेकून डोळे मिटून बसली.

शेवटचा गोल अडवताना ती समोरच्या खेळाडूच्या पायात झेपावली होती आणि त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला होता. चेंडू मात्र तिनं सोडला नव्हता. फिजिओ अल्पना मॅडम पळत आत गेल्या. त्यांनी तिला नाव विचारलं, वार विचारला, बोटं मोजायला लावली. सगळी उत्तरं बरोबर आली. मुमताज उठली, तिनं गोलकिक मारली आणि पाच मिनिटांत सामना संपला.

तो सोमवार होता. एप्रिलचा शेवटचा आठवडा, भुवनेश्वर. राष्ट्रीय महिला लीगच्या वरच्या गटात आमच्या कोल्हापूरच्या पंचगंगा महिला संघाचं ते पहिलंच वर्ष. आठ संघ, सगळे सामने एकाच शहरात, उन्हामुळे सकाळी आठला सुरू व्हायचे. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार होते. आम्ही सहावे होतो. एकच सामना उरला होता, शुक्रवारी, इंफाळच्या संघाबरोबर. एक गुण मिळाला तर आम्ही राहणार होतो. हरलो तर खाली, आणि खाली गेलो तर पुढच्या वर्षी संघच उतरवणार नाही, असं क्लबच्या अध्यक्षांनी निघतानाच सांगितलं होतं. बावीस मुली होत्या. त्यातल्या निम्म्या तरी फुटबॉल सुटला तर पावसाळ्याआधी बोहल्यावर उभ्या राहिल्या असत्या.

मुमताज शिकलगार आमची कॅप्टन आणि पहिली गोलकीपर. वय चोवीस. तिचे वडील कोल्हापुरात सिटी बस चालवायचे. तेरा सामन्यांत तिनं अकराच गोल खाल्ले होते, आणि आमच्या बचावफळीकडे बघता हे आश्चर्यच होतं. दुसरी गोलकीपर शलाका मुळीक. तिसरी मी, गीतांजली इंगवले, गडहिंग्लजची, वय एकवीस. तिसऱ्या गोलकीपरचं काम म्हणजे सरावात उभं राहायचं, चेंडू गोळा करायचे आणि सामन्याला गॅलरीत बसून ओरडायचं. अकरा सामने मी तेच केलं. मग शलाकाची शेवटच्या वर्षाची परीक्षा लागली, ती कोल्हापूरला गेली आणि शेवटच्या तीन सामन्यांपुरती मी बाकावर आले. आमचे प्रशिक्षक घाटगे सरांनी तिला सोडताना माझ्यासमोरच म्हटलं होतं, "मुमताज हाय म्हणून तुला सोडतोय. नायतर सोडलं नसतं." त्यात मला दुखवायचा हेतू नव्हता. ते खरं होतं, एवढंच.

मी आणि मुमताज एका खोलीत होतो.

सोमवारी दुपारी ती जेवली नाही. खोलीत येऊन तिनं पडदे ओढले.

"पंखा बारीक कर जरा. डोक्यात घुमतोय."

"मॅडमना बोलवू?"

"कशाला? थकलोय मी." आमच्याकडच्या बऱ्याच मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. "झोपलो की बरं वाटतंय."

ती संध्याकाळपर्यंत झोपली. उठल्यावर तिनं मला विचारलं, "सामना किती वाजता हाय?"

"झाला की सकाळी."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "चेष्टा करतोय गं."

मंगळवारी सकाळी तिनं स्वतःच विषय काढला. ब्रश करता करता ती बेसिनला धरून उभी राहिली होती आणि मी आरशात तिला बघत होते.

"गीतू, कुणाला सांगायचं नाही."

"काय?"

"तुला माहीत हाय काय ते. डोकं दुखतंय, बास. दोन दिवसांत जाईल. शुक्रवारी दिल्लीहून निवड समितीच्या बाई येणार हायत, भारताच्या कॅम्पसाठी. तीन वर्षं वाट बघतोय मी. पुढच्या वर्षी पंचवीस होईन. पुन्हा कोण बघणार हाय मला?"

"पण मुमी…"

"शप्पथ घे."

मी शपथ घेतली. तिच्या गळ्याची.

त्याच दिवशी नाश्त्याच्या वेळी घाटगे सर आमच्या टेबलाशी आले. हातात चहाचा कप, काखेत वही. मुमताजनं आत बसूनही गॉगल लावला होता.

"काय गं, सिनेमात चाललीस काय?"

"डोळे आलेत असं वाटतंय सर. ऊन लागलंय."

"डोकं कसं हाय?"

"एकदम बेस्ट."

सरांनी खुर्ची ओढली. "नीट सांग. शलाकाचा शेवटचा पेपर उद्या दुपारी हाय. गरज असली तर पुण्याहून विमानानं आणता येतंय तिला. अध्यक्षांशी बोललोय मी. तिकिटाचं बघतो म्हणालेत."

"कशाला उगीच? मी हाय की. आणि गीतू हाय."

सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे. "तू फिट हायस ना, तेवढं सांग."

"फिट हाय सर."

सर उठून गेले. मी पोहे खात होते. मान वर केली नाही.

बुधवारी सराव होता. मुमताज गोलमध्ये उभी राहिली आणि मुली एकामागून एक शॉट मारू लागल्या. मी गोलच्या मागे चेंडू गोळा करत होते, त्यामुळे मला जे दिसत होतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. चेंडू सुटायचा, आणि ती हलायच्या आधी एक क्षण मध्ये जायचा. तिच्या बाबतीत असा क्षण कधी जात नसे. हात इतके शिकलेले होते की तरीही बहुतेक शॉट अडत होते. सर लांबून टाळ्या वाजवत होते. मग एक चेंडू खांबाला लागून उसळला आणि तिच्या डोक्यामागे बसला. जोरात नाही, पण बसला. ती गुडघ्यावर टेकली. बुटाची लेस बांधतेय असं दाखवलं आणि उठली.

सराव संपल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीमागे जाऊन ओकली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला, पाण्याची बाटली दिली.

परत येताना अल्पना मॅडमनी मला गाठलं. त्या सांगलीच्या, तिशीच्या, फार न बोलणाऱ्या.

"गीतांजली, मुमताज ठीक आहे ना? तुझ्या खोलीत असते म्हणून विचारते. झोप, जेवण?"

"हो मॅडम. व्यवस्थित."

"डोकं दुखतंय वगैरे म्हणते का?"

"नाही. उन्हाचा त्रास होतो म्हणते."

"लक्ष ठेव. काही वाटलं तर लगेच सांग. माझ्याकडे बावीस मुली आहेत, मला सगळं दिसत नाही."

"हो मॅडम," मी म्हणाले.

गुरुवारी सुट्टी होती. मुमताज दिवसभर अंधार करून पडली होती. मोबाईलच्या उजेडानं तिला मळमळायचं. दुपारी तिनं मला जवळ बोलावलं.

"इंफाळची नऊ नंबर. तिचे सामने बघायचे राह्यलेत माझे. तू बघ आणि मला सांग."

मग मी कॉटवर बसून मोबाईलवर त्या मुलीचे चार सामने बघितले. मुमताज डोळ्यांवर ओला नॅपकिन ठेवून प्रश्न विचारत राहिली.

"एकटी सुटली की काय करते?"

"डावीकडं बघते."

"आणि मारते कुठं?"

"थांब… उजवीकडं. आपल्या उजव्या हाताला."

"दर वेळी?"

मी पुन्हा मागे नेऊन बघितलं. सहा वेळा ती एकटी सुटली होती. पाच वेळा डावीकडे बघून उजवीकडे मारलं होतं.

"मग तिच्या डोळ्यांकडं बघायचंच नाही," मुमताज म्हणाली. "कमरेकडं बघायचं. कंबर खोटं बोलत नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "एकटी सुटली की काय करते?"

मी पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं.

शुक्रवारी पाच वाजता उठलो. उजाडलं होतं. मी तोंड धुऊन आले तेव्हा मुमताज जर्सी घालून कॉटवर बसली होती. उजव्या हातात ग्लोव्ह होता आणि ती उशीखाली, चादरीखाली काहीतरी शोधत होती.

"काय शोधतेस?"

"उजव्या हाताचा ग्लोव्ह. इथंच ठेवलेला मी."

मी तिच्या हाताकडे बोट दाखवलं. तिनं हात वर करून बघितला. जराही हसली नाही.

"गीतू, आज कुणासंगं हाय गं?"

"इंफाळ," मी म्हणाले. "मी खाली जाऊन येतो."

अल्पना मॅडम जेवणाच्या हॉलबाहेर बर्फाची पेटी भरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं: बसमधले प्रश्न, पडदे, ओकारी, ग्लोव्ह. त्या ऐकता ऐकताच जिना चढू लागल्या. खोलीत गेल्यावर त्यांनी मुमताजला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगितलं.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर…" ती थांबली. "नोव्हेंबर."

"एका पायावर उभी राहा. डोळे मीट."

ती उभी राहिली आणि आडवी कॉटवर पडली. तोवर घाटगे सर दारात आले होते. त्यांच्यामागे दोन-चार मुली.

"सर, ही खेळणार नाही," अल्पना मॅडम म्हणाल्या. "हिला आत्ता हॉस्पिटलला नेते मी."

सरांनी मला विचारलं, "कधीपासून हाय हे?"

"सोमवारपासून."

"आज शुक्रवार हाय, गीतांजली."

सरांनी हातातली यादी दाराच्या चौकटीवर धरली, वरचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. यादी द्यायला अर्धा तास उरला होता.

मुमताज कॉटवर उठून बसली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे स्वच्छ दिसत होते.

"हिला खेळायचं होतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सर, हिला खेळायचं होतं, म्हणून सांगितलं हिनं. गळ्याची शप्पथ घेतलेली माझ्या. गीतू, तोंडावर म्हण की. खेळायचं होतं म्हण."

अल्पना मॅडमनी तिचा दंड धरला. ती हिसडून स्वतःच जिना उतरली. तिचा उजव्या हाताचा ग्लोव्ह तिच्या हातातच होता.

तो माझा लीगमधला पहिला सामना. पहिल्या दहा मिनिटांतच कडेवरून आलेला एक साधा क्रॉस हातातून निसटला आणि आमच्या प्रणोतीनं तो रेषेवरून लाथाडला. "जागी हो!" ती माझ्यावर ओरडली. मग मी जागी झाले. एकतिसाव्या मिनिटाला त्याच प्रणोतीनं कॉर्नरवर हेडर मारून आमचा गोल केला. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला इंफाळनं पंचवीस यार्डांवरून असा शॉट मारला, की मी झेपावले, पण चेंडू माझ्या बोटांच्या टोकांना लागून वरच्या कोपऱ्यात गेला. एक-एक. पुढचा अर्धा तास त्यांनी आम्हाला आमच्या अर्ध्या मैदानातून बाहेर पडू दिलं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांची नऊ नंबर एकटी सुटली.

मी पुढे निघाले. तिनं डावीकडे बघितलं. मी तिच्या कमरेकडे बघत होते. ती वळली तशी मी उजवीकडे पसरले आणि चेंडू माझ्या नडगीवर आदळून बाहेर गेला. इतका जोरात, की पुढचे दोन आठवडे तिथं निळं होतं.

सामना बरोबरीत सुटला. आम्ही वरच्या गटात राहिलो. मुली माझ्या अंगावर पडल्या, सरांनी माझं डोकं छातीशी धरलं. निवड समितीच्या बाई खाली आल्या, त्यांनी माझं नाव आणि जन्मतारीख लिहून घेतली. कॅम्पचं पत्र कधी आलं नाही, पण त्या दिवशी ते मला ठाऊक नव्हतं.

दुपारी अल्पना मॅडमचा फोन आला. स्कॅन नॉर्मल होता. रक्तस्राव नाही, सूज नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली होती.

संघात दुसरंच वाक्य फिरलं: स्कॅन नॉर्मल निघाला. म्हणजे ती खेळू शकली असती. परतीच्या गाडीत मुमताजनं दुसऱ्या डब्यातल्या मुलीशी जागा बदलून घेतली. कोल्हापूर स्टेशनवर हार घेऊन माणसं आली होती. सगळ्यांत मोठा हार माझ्या गळ्यात पडला. मी वळून बघितलं, तर ती वडिलांच्या मागे स्कूटरवर बसून निघून गेली होती. गडहिंग्लजला माझा सत्कार झाला. मोठ्या चौकात माझा फ्लेक्स लागला, झेप घेतानाचा.

पुढच्या हंगामात मुमताजनं गोव्याचा एक संघ धरला आणि दोन वर्षांनी खेळणं सोडलं. शलाकाला बँकेत नोकरी लागली, तिचा खेळ तिथंच थांबला. मी पंचगंगाकडून चार वर्षं पहिली गोलकीपर म्हणून खेळले. मग बी.पी.एड. करून गडहिंग्लजला शाळेत लागले. आता मुलींचा संघ तयार करते.

या सगळ्याला अकरा वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात जिल्ह्यातल्या फुटबॉल प्रशिक्षकांसाठी कोल्हापुरात एक दिवसाचं शिबिर होतं. विषय होता, डोक्याला होणाऱ्या दुखापती. पत्रकावर वक्त्या म्हणून नाव होतं, मुमताज शिकलगार-मुजावर, क्रीडा फिजिओथेरपिस्ट. ती पुण्यात शिकली, तिथंच काम करते, हे मला उडत उडत कळलं होतं. मी दोनदा जायचं रद्द केलं आणि शेवटी गेले.

चाळीस प्रशिक्षक होते. मी मागच्या रांगेत बसले. ती जरा जाड झाली होती, चष्मा लागला होता. बोलत मात्र होती स्वच्छ, पुस्तकी मराठीत. तिनं मेंदूला धक्का बसतो म्हणजे काय होतं ते सांगितलं. स्कॅन नॉर्मल असला म्हणजे धक्का बसलेला नाही असं नव्हे, हे तिनं दोनदा सांगितलं. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर माणूस जाऊ शकतं, हे सांगताना तिनं एका शाळकरी मुलीचा फोटो दाखवला. मग ती म्हणाली, "आज मी तुमच्यासमोर उभी आहे ती एका मैत्रिणीमुळे. ती मागे बसली आहे."

तिनं मला आल्या आल्याच बघितलं होतं.

तिनं सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. सोमवार, गुडघा, शपथ, शुक्रवारची सकाळ. "मी तिला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. पाच वर्षं मी तिच्यावर राग धरून होते. मग हे शिकायला लागले आणि कळलं, की त्या दिवशी मी उतरले असते आणि इंफाळच्या त्या नऊ नंबरनं मला पुन्हा धडक दिली असती, तर काय झालं असतं. शपथ मोडून तिनं माझा जीव वाचवला. गीतांजली, उभी राहा."

मी उभी राहिले. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या सुट्टीत ती सरळ माझ्याकडे आली आणि तिनं मला मिठी मारली. "फोन करायचा होता गं लई दिवस. धीर होत नव्हता," ती म्हणाली. आता ती पुन्हा आमच्या भाषेत आली होती.

"मुमी, तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग की."

आम्ही हॉलच्या मागच्या व्हरांड्यात गेलो. मी कठड्यावर कप ठेवला.

"मी मंगळवारीच सांगणार होतो. दोनदा मॅडमच्या खोलीपर्यंत गेलो होतो."

"शप्पथ घेतलेली तू."

"शपथेमुळं नाही थांबलो. मंगळवारी सांगितलं असतं तर सरांनी शलाकाला आणलं असतं. तुझ्याऐवजी ती खेळली असती, मी नाही."

ती कठड्याला टेकली.

"पुण्याहून भुवनेश्वरला गुरुवारचं शेवटचं विमान संध्याकाळी सात-दहाला होतं," मी म्हणाले. "मी मोबाईलवर बघून ठेवलेलं. गुरुवारी तू झोपली होतीस, मी घड्याळाकडं बघत बसलो होतो. सात-दहा होऊन गेले. मग मी ठरवलं, सकाळी सांगायचं."

खाली मैदानावर कुणीतरी शंकू मांडत होतं. मुमताज ते बघत राहिली.

"बुधवारी खांबाचा बॉल माझ्या डोक्यात बसला," ती म्हणाली. "तू मागं होतीस."

"व्हय."

"आणि अल्पना मॅडमनी तुला विचारलं होतं. त्यांनी नंतर सांगितलं मला. तू नाही म्हणालीस."

"व्हय."

"तेव्हा मला वाटलं, शप्पथेखातर म्हणालीस." तिनं चष्मा काढून पुसला. "त्या सकाळी कॉटवर मी जे बोललो ते खरं होतं म्हणजे."

"खरं होतं."

"इतकी वर्षं मी त्याच्याबद्दल मनातल्या मनात तुझी माफी मागतोय."

मला वाटलं, आता ती निघून जाईल. तिनं तसं केलं नाही. तिनं माझा थंड झालेला चहा व्हरांड्याखाली ओतला आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.

"शलाकाला माहीत हाय?"

"नाही."

"तिला सांग. माझ्यापेक्षा तिचं जास्त गेलं. त्यानंतर ती खेळलीच नाही." मग ती दाराकडे वळली आणि थांबली. "आणि दुपारचं सत्र तू सुरू कर. मी अर्धीच गोष्ट सांगितलीय त्यांना. तू पुरी सांग."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच बोललो होतो मी बी."

दोन वाजता सगळे पुन्हा जागेवर बसले. मुमताज पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मी पुढे जाऊन उभी राहिले. माझ्या ओळखीचे निम्मे जण होते. त्यांच्यातल्या दोघांच्या मुली माझ्या संघात खेळतात. मी मंगळवारच्या नाश्त्यापासून सुरुवात केली आणि सात-दहाच्या विमानापर्यंत सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. पंधरा मिनिटं लागली. संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कागलचे एक प्रशिक्षक पायाकडे बघत होते. कुणीतरी खोकलं.

मुमताज उठली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"लिहून घ्या," ती त्यांना म्हणाली. "डोक्याला मार बसला की पहिले तीन दिवस रोज चौकशी करायची. खेळाडूला स्वतःला विचारायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण ती खोटं बोलेल. मी बोलले होते. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीला विचारायचं. आणि ती मुलगी तिच्याच जागेवर खेळणारी असेल, तर तिला विचारायचं नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं."

चाळीस माना वह्यांवर वाकल्या. मी माझ्या जागेवर गेले, वही उघडली आणि लिहून घेतलं.